गुळातली गोळी

आमच्या जर्सी गायीनं दादांचं धोतर खाल्लं, त्या वर्षी मी नववीत होते. धोतर गोठ्याच्या कडेला तारेवर वाळत घातलं होतं. आई पाण्याला गेली आणि हंडा घेऊन परत येईपर्यंत अर्धं धोतर तारेवर आणि अर्धं गायीच्या तोंडात. दादा म्हणजे माझे वडील. त्यांचं ते ठेवणीतलं धोतर होतं, लग्नकार्याला नेसायचं. मला वाटलं, आता गायीच्या पाठीत काठी बसणार. पण दादांनी काठीला हात लावला नाही. तोंडातला चोथा ओढून काढला, तिच्या मानेवरून हात फिरवला, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं आणि आईला म्हणाले, "हिला कायतरी कमी पडतंय."

काय कमी पडत होतं ते आमच्या लोणी गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळलं असतं. पारगावचा साखर कारखाना जवळ. हंगाम लागला की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आणि उसाचे हिरवे शेंडे, आम्ही वाढं म्हणतो, चाऱ्याला स्वस्तात मिळायचे. मग दुसरा चारा कोण घालतो? हंगामभर गुरं वाढ्यावर. पोट टम्म, पण जनावर आतून पोकळ होत जातं. भिंत चाटतं, दावं चघळतं, चपला खातं. दादा दूध घालायला डेअरीत गेले आणि येताना मिनरल मिक्चरची पिशवी घेऊन आले. राखाडी पांढरी भुकटी. रोज मूठभर पेंडीत कालवायची आणि गायीपुढं ठेवायची. गायीला कोणी माजली म्हटलं नाही, तिच्यावरून लिंबू उतरवलं नाही, की तिला विकून टाका म्हणून कोणी सल्ला दिला नाही.

हे तिन्ही माझ्या वाट्याला आलं होतं, म्हणून सांगते.

मी वाईट वागत होते, यात वाद नाही. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कोणी हाक मारली तरी डोकं फिरायचं, नाही मारली तरी फिरायचं. आईनं भाकरी थापायला बसवलं की परात ढकलून उठायचे. माझा थोरला भाऊ बारावीला होता. तो एकदा मला नुसतं "ए झोपाळू" म्हणाला, तर मी हातातला तांब्या भिरकावला आणि त्याच्या भुवईला खोक पडली. शाळेत वर्गाच्या मॉनिटरच्या कानाखाली वाजवली, कारण तिनं माझं नाव फळ्यावर लिहिलं होतं. नाव लिहिलं होतं ते मी बाकावर झोपले म्हणून. झोपायचे मात्र कुठंही. शाळेची चढण चढताना मध्येच दगडावर बसायचे, छाती धडधडायची, आणि कोणी "चल की गं" म्हटलं तर त्याच्यावर खेकसायचे. दमलेय असं म्हणायचं मला सुचायचंच नाही. मला वाटायचं सगळे दमतात, मीच तेवढी आळशी.

आणि माती खायचे. चुलीच्या आतल्या अंगाची भाजकी माती नखानं खरवडून तोंडात टाकायचे. पाटीवरच्या पेन्सिली खायचे. त्या संपल्या की कच्चे तांदूळ. आईनं कितीदा तरी तोंडात बोट घालून माती काढली आणि मग त्याच हातानं थोबाडीत दिली. "एवढं खायला घालतो तरी मातीच गोड लागती हिला," असं ती शेजारणीला सांगायची. खायला काय घालत होते, ते पण सांगते. सकाळी चहा आणि शिळी चपाती. दुपारी भाकरी आणि कालवणाचं पाणी, कारण फोडी आधी जेवणाऱ्यांच्या ताटात गेलेल्या. संध्याकाळी पुन्हा चहा. दूध सगळं डेअरीत. चहापुरतं घरात राहायचं आणि त्यातलंच कपभर भावाला. त्याच्यासाठी डबा पण आणलेला होता, टीव्हीवरच्या जाहिरातीतला, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरचा. बुद्धी वाढते म्हणे. भाऊ तेव्हा बापाला उलटं बोलायचा, दार आपटायचा, अंघोळीला जा म्हटलं तर तास घालवायचा. तर त्याचं काय? तर त्याचं वय होतं, अभ्यासाचा ताण होता, त्याला पावडर. माझं वय आणि त्याचं वय वेगवेगळ्या गावची होती जणू.

मी ती पावडर चोरून खाल्ली, अर्थात. कोरडीच, चमच्यानं. मला ती आवडली नाही, फार गोड. मला चुलीची मातीच आवडायची.

आमची आत्या, दादांची मोठी बहीण, पारगावला दिलेली. तिचा शब्द घरात खाली पडत नसे. तिनं आधी माझ्यावरून लिंबू उतरवलं, मग मीठमोहऱ्या, आणि कशानंच फरक पडेना तेव्हा तिनं ठरवून टाकलं, की पोरीला माज आलाय, हिला उजवून टाका. सासू भेटली की आपोआप ताळ्यावर येते, हे तिचं औषध. ते तिला स्वतःला लागू पडलं होतं की नाही, देव जाणे, कारण तिची जीभ तर हातभर होती. तिच्या बघण्यातलं एक स्थळ होतं. मुलगा कारखान्यावर कामाला, घरी बागायत, मागणं काही नाही. नववीची परीक्षा झाली की पाहुणे बघायला येणार, पसंत पडलं तर पावसाळ्याआधी बार उडवायचा, असं आत्या बोलून बसली. आईनं मान डोलावली. दादा नको म्हणाले नाहीत. शाळेतल्या बाईंनीही त्याच महिन्यात घरी निरोप धाडला होता, की मुलगी वर्गात झोपते आणि हात उचलते, पालकांनी येऊन भेटावं. दादा भेटून आले ते खाली मान घालून. त्यानंतर त्यांनी माझ्या शाळेचा विषय काढणं सोडून दिलं, आणि मला कळलं की दहावी आता माझ्या नशिबात नाही.

मला दहावी का हवी होती? काही मोठं स्वप्न वगैरे नव्हतं. मला लग्न नको होतं, एवढं खरं. आणि शाळेत एक विज्ञानाची प्रयोगशाळा होती, तिच्या कपाटाची किल्ली फक्त दहावीच्या मुलींना मिळायची. त्या कपाटातल्या बाटल्या मला हाताळायच्या होत्या. हसायचं असेल तर हसा.

तर गायीचं मिनरल मिक्चर. ती पिशवी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली असायची. एके दिवशी शाळेतून आले, घरात कोणी नव्हतं, गायीला पाणी दाखवायला गोठ्यात गेले आणि पिशवीचा वास आला. आता त्या भुकटीला वास तो काय असणार? पण मला आला. पावसानं भिजलेल्या मातीच्या भिंतीला येतो तसा. तोंडाला पाणी सुटलं. चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट, तुरट, खडूसारखी दातात करकरणारी. जे मी चुलीत आणि पेन्सिलीत शोधत होते ते सगळं त्या पिशवीत एकत्र कालवून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी मूठभर खाल्ली. मग रोजच. गाय माझ्याकडं बघत राहायची आणि मी तिच्याकडं. तिच्या तोंडचं काढून खातेय असं मला वाटायचं, पण थांबवत नव्हतं.

पिशवी लवकर उतरायला लागली तेव्हा दादांना आधी उंदीर वाटले. मग आईवर संशय, की ती जास्त घालते. शेवटी त्यांनी दुपारी शेतावरून लवकर येऊन बघितलं, तर गोठ्यात मी. तोंड पांढरं, हात पांढरे, ओढणीवर भुकटी सांडलेली. दादांचा हात वर गेला. मी मागं सरकले नाही. मार खायची मला सवय होती. पण त्या दिवशी माझ्या तोंडून आपसूक निघालं, "गायीला कमी पडतं आन् मला माज येतो, व्हय दादा?"

दादांचा हात तसाच वर राहिला. मग तोच हात खाली आला आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला गोठ्याबाहेर उन्हात आणलं. मला वाटलं, आता चारचौघांत मारणार. त्यांनी अंगठा माझ्या डोळ्याखाली लावला आणि पापणी खाली ओढली. गायीची ओढली होती तशीच. त्यांच्या अंगठ्याला वाढ्याचा वास येत होता. एक डोळा बघितला, मग दुसरा. मग माझी नखं दाबून बघितली. दादांना अक्षरओळख बेताची, पण जनावराचं रक्त उतरलेलं त्यांना लांबून कळायचं, बाजारात लोक गाय घेताना त्यांना बरोबर न्यायचे. घरात रोज समोर वावरणाऱ्या पोरीची पापणी बघायचं मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं. आई विहिरीवरून आली तर तिला एवढंच म्हणाले, की पायात चप्पल घाल, पोरीला घेऊन पेठेला डॉक्टरकडं जायचंय, आत्ताच्या एसटीनं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पण आधी पापणीच ओढली. बोटाला सुई टोचून रक्त घेतलं आणि आत जाऊन आले. रक्त फारच कमी आहे, अशी पोरगी चालत आली कशी, म्हणाले. मग महिन्याच्या पाळीचं विचारलं. दादा चटकन उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आईनं पदर तोंडाला लावून सांगितलं, की हिला फार जातं, पण बायकांना जायचंच, त्यात काय सांगायचं. डॉक्टरांनी दादांना परत आत बोलावलं. अंगात लोह कमी पडलं की माणूस माती खातं, झोपतं, धाप लागते आणि चिडतं, असं त्यांनी समजावलं. गोळ्या देतो, जंताचीही देतो. हिचा स्वभाव बदलेल असं काही मी सांगत नाही, पण अंगात दम आला की चिडचिड थोडी कमी होईल. दादांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "आडातच न्हाई, तर पोहऱ्यात कुठनं येनार."

परत येताना एसटीत आई खिडकीशी तोंड करून रडत होती. मला तिचाही राग आला. मारताना रडली नाही आणि आता कशाला रडते, असं वाटलं.

गोळ्या तांबड्या होत्या आणि त्यांना गंजक्या पत्र्याची चव होती. पहिल्याच दिवशी मी थुंकून दिली. मग दादांनी ते काम स्वतःकडं घेतलं. जनावराला औषध द्यायची त्यांची एक रीत होती. गोळी गुळाच्या खड्यात दाबायची, खडा हातावर घेऊन जनावराच्या तोंडाशी धरायचा आणि गिळेपर्यंत हलायचं नाही. माझ्यासाठी त्यांनी रीत बदलली नाही. सकाळी डेअरीत दूध घालून आले की ओट्यावर बसायचे, गुळाचा खडा फोडायचे, त्यात गोळी खुपसायचे आणि मला हाक मारायचे. मी गिळली की म्हणायचे, तोंड उघड. मी तोंड उघडून दाखवायचे. मग आई कपभर कडक चहा माझ्या हातात द्यायची, तोंडाची चव जावी म्हणून. एवढे लाड माझे आधी कधी झाले नव्हते. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं, पण तोंडावर तसं दाखवायची माझी तयारी नव्हती.

आणि गुण काही येईना. गोळ्यांची पाकिटं संपत गेली. शौचाला काळं व्हायला लागलं, त्यानं आई घाबरली, पण बाकी सगळं जिथल्या तिथं. मी चढणीवर बसत होतेच. एका दुपारी भावाची वही फाडली. आत्या आली की विचारायची, झालं का औषध, आला का गुण? मग दादांकडं बघून हसायची. घरचं झालं थोडं आन् डॉक्टरनं धाडलं घोडं, अशी तिनं म्हणच फिरवली होती. पाहुणे परीक्षेनंतर येणारच होते, तिनं त्यांना शब्द दिला होता. दादा रोज गूळ फोडत होते. गुण येत नसलेल्या गायीचं काय करतात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्यांदा पेठेला गेलो तेव्हा रक्त जवळपास तेवढंच निघालं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी नक्की देता का? दादांनी जरा रागातच सांगितलं, की माझ्या हातानं देतो, तोंड उघडून बघतो. कशाबरोबर देता? गुळाबरोबर, आणि वरून चहा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चहा आधी की नंतर? आई म्हणाली, आधी पण आणि नंतर पण, उठल्याबरोबरचा एक असतोच. मग डॉक्टरांनी सांगितलं, की चहानं गोळीतलं लोह अंगी लागत नाही, पोटातून तसंच बाहेर जातं. गोळीच्या आसपास चहा नको, लिंबाचं पाणी द्या, मोड आलेली मटकी द्या, पालेभाजी द्या, आणि फोडी हिच्या ताटात पण पडू द्या. दादा म्हणाले, गूळ चालंल का? डॉक्टर म्हणाले, गूळ चालेल.

आमच्या घरात पाहुण्याला चहा, दुखण्याला चहा, भांडण मिटलं की चहा. औषध चहाबरोबर घ्यायचं नाही म्हणजे काय, हे आईला कितीतरी दिवस पटत नव्हतं. पण दादांनी हुकूम सोडला आणि माझा सकाळचा चहा बंद झाला. चहाच्या नावानं मी आठवडाभर थैमान घातलं. दादांनी ऐकून घेतलं आणि लिंबू पिळलं.

पहिल्यांदा गेली ती माती. एक दिवस चूल सारवताना लक्षात आलं, की मला तिचा वास येतोय पण तोंडाला पाणी सुटत नाहीये. मग चढण. एकदा शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर आठवलं, की आपण मध्ये बसलोच नाही. मग वर्गात फळ्यावरचं शेवटपर्यंत वाचायला लागले. रागाचं म्हणाल, तर भाऊ पुन्हा "ए झोपाळू" म्हणाला आणि मी त्याला तांब्या न फेकता म्हटलं, की बारावीत गणितात काय दिवे लावतोस ते बघू. तो वही घेऊन बाहेर गेला. मला नवल वाटलं. तांब्यापेक्षा हे बरं लागत होतं. आईला मी एकदा न सांगता भाकऱ्या थापून दिल्या, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

सगळे खूश झाले. मीही झाले. आणि परीक्षेच्या आधी आत्या आली, तिनं मला पुढ्यात उभं केलं, गाल बघितले, हात बघितले, वळ म्हणाली तर मी वळले. मग ती दादांना म्हणाली, की पोरगी चांगली तरारलीय, तोंडावर तेज आलंय, आणि मुख्य म्हणजे आता गुणाची झालीय. बरं झालं गोळ्या दिल्या. आता दाखवायला काही हरकत नाही. दादा म्हणाले, हां, आता रंग बरा हाय. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. गाय सुधारल्यावर बाजाराच्या दिवशी तिला धुऊन, शिंगं घासून उभी करतात, तेव्हा त्यांच्या आवाजात असायचं तसंच कौतुक.

मी आत होते. हातातला पेला मी खाली ठेवला, फेकला नाही. फेकला असता तर बरं झालं असतं, असं नंतर वाटलं. कारण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मी चिडत होते तेव्हा मला ताळ्यावर आणायला उजवणार होते आणि आता ताळ्यावर आले म्हणून उजवणार. गोळीनं माझं रक्त वाढवलं आणि लग्नाचा मुहूर्त जवळ आणला.

मग मी गोळी बंद केली. गूळ तोंडात घ्यायचा, गोळी गालाखाली सरकवायची, तोंड उघडून दाखवायचं आणि गोठ्यात जाऊन गायीच्या गव्हाणीत थुंकायची. अर्धा गूळही जायचा, तो गाय चाटून खायची. पुन्हा फिकी पडेन, पुन्हा माती खाईन, पाहुण्यांसमोर चक्कर येऊन पडेन आणि ते उठून जातील, असा माझा हिशेब. चहा पण चोरून प्यायला लागले, शेजारी जाऊन. चौदा-पंधराव्या वर्षी आपल्याच अंगाशी वैर धरायला फार अक्कल लागत नाही.

गायीनं गूळ खाल्ला, गोळ्या नाही खाल्ल्या. दादा गव्हाण झाडत होते तर कडब्याच्या चुऱ्यात तांबडे ठिपके. काही गोळ्या विरघळून दगडाला चिकटलेल्या. त्यांनी मला हाक मारली. आवाज चढवला नाही. ह्या कुणाच्या, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या. त्यांना काहीच उमगेना. बरी होत होतीस ना, का थुंकलीस, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि मला रडू कोसळलं. रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"बरी न्हाई झाले तरी उजवनार, बरी झाले तरी उजवनार," मी म्हटलं. "मग मी गोळी कशापायी खाऊ, दादा?"

दादा गव्हाणीच्या कडेवर बसले. हातात झाडू तसाच. गायीनं मान लांब करून त्यांच्या खिशाशी नाक नेलं, गूळ असेल म्हणून. त्यांनी तिला बाजूला सारलं नाही. मी पुढचं काही बोलले नाही, कारण एवढंच होतं. थोड्या वेळानं दादा उठले, गव्हाण धुतली आणि धार काढायला बसले. मला वाटलं, संपलं. बापापुढं तोंड वर करून बोललीस, आता आत्याला निरोप जाणार.

परीक्षा झाल्यावर आत्या पाहुण्यांचा दिवस ठरवूनच आली. येत्या गुरुवारी, म्हणाली. मी दाराआड उभी. दादा चहा पीत होते. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "आक्का, औंदा न्हाई. तिची धाव्वी व्हायचीय." आत्याला आधी खरंच वाटेना. मग ती खूप बोलली. शब्द दिलाय, माझं नाक कापलं जाईल, असं स्थळ परत दारात येत नाही. दादा ऐकत होते. शेवटी तिनं हुकमी पान टाकलं, की आता बरी आहे तोवर उजव, पुन्हा बिघडली तर कोण पत्करील? दादा म्हणाले, "बिघडली तर मी बगीन."

आत्या त्या दिवशी न जेवता गेली. पुढं वर्षभर आली नाही, भाऊबीजेलासुद्धा. दादांना ते लागलं. बहिणीवर त्यांचा जीव होता. दिवाळीत ते दोनदा पारगावच्या रस्त्यापर्यंत जाऊन परत आले, हे आईनं मला पुष्कळ नंतर सांगितलं.

आत्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून आल्यावर दादांनी मला हाक मारली. ओट्यावर बसलेले, पण पुढं गुळाची ढेप नव्हती. गोळ्यांचं सगळं पाकीट त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हे घे. तुजी तू खा." तोंड उघड म्हणाले नाहीत. मी पाकीट घेऊन आत गेले, गोळी पाण्याबरोबर गिळली आणि दहावी संपेपर्यंत एकही चुकवली नाही. गंजक्या पत्र्याची चव शेवटपर्यंत तशीच होती. कपाटाची किल्लीही मिळाली. आत काही विशेष नव्हतं, अर्ध्या बाटल्या रिकाम्या.

दहावीनंतर बारावी, मग औषधांचा डिप्लोमा, मग लग्न, माझ्या पसंतीचं. नवऱ्याबरोबर पेठेच्या रस्त्याला मेडिकल टाकलं, तोवर दोन हजार साल मागं पडलं होतं. काउंटरवर आयांची रांग असते. पोरगं उलटं बोलतं, काही टॉनिक? पोरगी दार लावून बसते, काही शक्तीचं? टीव्हीवर दाखवतात ती पावडर आहे का? मी विचारते, खाते काय, झोपते किती, धाप लागते का, आधी डॉक्टरांना दाखवलंत का? निम्म्यांना माझा राग येतो. बाई गिऱ्हाइकाला परत पाठवते, हिचं दुकान चालायचं कसं, असं माझ्या माघारी बोलतात. चालतं. बोलणाऱ्याचे एरंडसुद्धा विकतात, अशी म्हणच आहे.

दादा आता थकलेत. डेअरीच्या कामानं या बाजूला आले की दुकानात स्टुलावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांकडं बघत. मागं एक बाई आली, बरोबर चौदा-पंधरा वर्षांची पोरगी. फिकी, ओठ आवळलेले, सगळ्या जगावर रुसलेली. डॉक्टरांची चिठ्ठी होती, लोहाच्या गोळ्या. मी गोळ्या काढल्या, चहाचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं आणि पाकीट पोरीच्या हातात दिलं. आईनं ते तिच्याकडून काढून पिशवीत टाकलं आणि आवाज खाली करून मला म्हणाली, की ताई, यानं हिचा राग पण जाईल ना, लई तोंड करती, आणि गुरुवारी पाहुणे यायचेत.

माझं डोकं तिथल्या तिथं तापलं. काय बोलायचं ते जिभेवर आलं होतं, आणि बरं नव्हतं ते. तेवढ्यात स्टुलावरून दादा बोलले.

"बाय, गोळीनं रगत वाढतं. तोंड ऱ्हातं तसंच. ही माजी लेक बगा," ते म्हणाले. "आन् पाव्हण्यास्नी सांगा, पोरगी शाळंत गेलीय."